उदासीन तार





दरवर्षी या पानावर मी निकाल, शिस्त, वाचनाची आवड अशा विषयांवर दोन शब्द लिहितो. यंदा मात्र आमच्या घरातील एका छताच्या पंख्याविषयी लिहिणार आहे. मुख्याध्यापकांना दुसरा विषय मिळाला नाही की काय, असे कोणाला वाटेल. तरी शेवटपर्यंत वाचावे ही विनंती. या लेखात माझी एक कबुली आहे आणि विश्वस्त मंडळाकडे एक मागणीही आहे.

आमचे भालकीचे घर जुने, गर्डर-फरशीचे आहे. लोखंडी गर्डर टाकायचे आणि त्यावर शहाबादी फरशी अंथरायची, ही आपल्या बिदर-कलबुर्गी भागातली ओळखीची पद्धत. शहाबाद आपल्या शेजारच्याच कलबुर्गी जिल्ह्यातले, त्यामुळे फरशीला तोटा नाही. हे छत पक्के असते. पण एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर तापलेला दगड रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो. मागच्या खोलीत माझी आई झोपते. तिचे वय ८१. गर्डरच्या हुकाला टांगलेला तिच्या खोलीतला पंखा वीस वर्षांहून जुना आहे.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी मी शाळेतून लवकर घरी आलो. मागच्या खोलीत डोकावलो तर आई हातात लांब काठी घेऊन पंख्याचे पाते ढकलत होती. मी म्हणालो, "आई, हे काय चाललंय?"

"अरे, बटण दाबलं की नुसता गुंगतोय. काठीनं ढकललं की फिरतोय की."

"कधीपासून?"

"पाडव्यापासून. गुढी उतरवली, ती काठी हाताशी होती."

म्हणजे तीन आठवडे! मी विचारले, "मग मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुला दहावीच्या परीक्षेचा व्याप. एवढ्या-तेवढ्यासाठी काय सांगायचं?" आणि मग सहज सांगावे तसे बोलली, "एखाद्या वेळी उलटा फिरतोय, मग वारं लागत नाही. थांबवून दुसऱ्या अंगानं ढकलावं लागतंय."

त्या वाक्याने मी दोनदा ओशाळलो. पहिले कारण उघड आहे. ज्या घरात मी रोज दोन वेळा जेवतो, त्याच घरात माझी आई तीन आठवडे रात्री-बेरात्री उठून काठीने पंखा सुरू करत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. दुसरे कारण विज्ञानाचे. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. आईने जे पाहून सांगितले तो बिघडलेल्या कपॅसिटरचा अचूक पुरावा होता आणि तो तिने काठीच्या टोकाने शोधला होता.

विद्यार्थ्यांसाठी थोडे समजावून सांगतो. आपल्या घरी येणारी वीज सुमारे २३० व्होल्टची असते आणि तिची दिशा सेकंदाला ५० आवर्तने अशी सतत उलटसुलट होत असते. ती पंख्याच्या एकाच गुंडाळीतून गेली, तर चुंबकीय ओढ नुसती पुढे-मागे होते. त्यातून गुणगुण येते, पण फिरणे सुरू होत नाही. घरातले जाते आठवा. खुंट्याला धरून हात नुसता पुढे-मागे केला तर जाते फिरत नाही. पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे या दोन हालचाली थोड्या अंतराने एकमेकींत मिसळल्या की हात गोल फिरतो. पंख्यात म्हणूनच दोन गुंडाळ्या असतात. दुसऱ्या गुंडाळीच्या वाटेत एक छोटा कपॅसिटर बसवलेला असतो. तिच्यातला प्रवाह पहिलीच्या पुढे थोडा सरकवणे, एवढेच त्याचे काम. मग दोन्ही ओढी मिळून चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागते आणि पाती त्याच्यामागे धावतात. फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा हा विचार इटलीचे फेरारिस आणि अमेरिकेत गेलेले निकोला टेस्ला यांनी स्वतंत्रपणे मांडला. टेस्लांना त्याचे पेटंट १८८८ साली मिळाले. कपॅसिटर निकामी झाला की पंखा आपणहून सुरू होत नाही; पण ज्या दिशेने ढकलावा त्या दिशेने फिरू लागतो. आईने हेच तर सांगितले होते.

बाजारात कपॅसिटर म्हटले तर दुकानदार क्षणभर थांबतो. कंडेन्सर म्हटले की लगेच काढून देतो. वाऱ्याला आपल्याकडे मराठीत वारा म्हणतात, कन्नडमध्ये गाळी आणि दख्खनीत हवा. फॅन आणि कंडेन्सर मात्र तिन्ही भाषांत एकच. जुन्यावर २.५ मायक्रोफॅरड असे लिहिलेले असते, तेवढाच नवा आणला. शंभर रुपयांच्या आतले काम. वायरमनला निरोप दिला होता. पण लग्नसराईचे दिवस, तो "उद्या येतो" म्हणत राहिला. मनात म्हटले, आपण विज्ञानाचे शिक्षक, एवढे जमणार नाही का? खरे सांगायचे तर आईसमोर थोडी भरपाई करण्याचीही घाई होती.

रविवारी सकाळी टेबलावर लाकडी स्टूल ठेवले. सौभाग्यवतींनी टेबल धरले. भिंतीवरचे बटण बंद केले, पाती थांबली. मी वर चढलो, दांडीवरची वाटी खाली सरकवली आणि तोल सावरायला डावा हात गर्डरवर ठेवला. उजव्या हाताने वायरचा जोड सोडवू लागलो आणि त्याच क्षणी हाताला असा हिसका बसला की काय झाले ते कळलेच नाही. स्टूल कलंडले आणि मी टेबलावरून आईच्या पलंगावर पडलो. कोपराला मार लागला, दोन दिवस दंड दुखला. त्यापलीकडे काही झाले नाही.

आई मात्र तो सगळा दिवस माझ्याजवळून हलली नाही. पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "मी तुला सांगायलाच नको होतं." कोपराच्या दुखण्यापेक्षा हे वाक्य मला जास्त लागले. तीन आठवडे गप्प राहिलेल्या आईने एकदा तोंड उघडले आणि त्यातून ती हेच शिकली की गप्प राहणे बरे.

संध्याकाळी आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी आला. दहावीनंतर त्याने आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला आणि आता तो वायरिंगची कामे घेतो. पहिलाच प्रश्न त्याने विचारला, "सर, मेन बंद केला होता का?"

"बटण बंद होतं," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. बटण बंद ठेवूनच वर चढला आणि पंख्याच्या वायरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. दुसऱ्या वायरला लावला, तिथेही पेटला. "सर, बटण न्यूट्रलवर आहे. पंखा थांबतोय, पण करंट वरच उभा राहतोय."

मित्रहो, माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून, मध्य प्रदेशात झाले. वडील तिकडे नोकरीला होते. आमच्या पुस्तकात दोन तारांची नावे होती : विद्युन्मय तार आणि उदासीन तार. पहिलीला आपण फेज म्हणतो, दुसरीला न्यूट्रल. खटका नेहमी विद्युन्मय तारेवरच जोडावा, हे मी पंचवीस वर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवत आलो आहे. "खटका कोणत्या तारेवर जोडतात आणि का?" हा दोन गुणांचा प्रश्न मी किती वेळा काढला असेल, याची गणती नाही. उत्तर न आलेल्या मुलांचे दोन गुण कापलेही. पण माझ्या स्वतःच्या घरात तो खटका कुठल्या तारेवर आहे, हे मी एकदाही पाहिले नव्हते.

त्यात काय धोका आहे, तेही सांगतो. पाण्याच्या नळाची तोटी आधी असते आणि बादली नंतर. तोटी बंद केली की बादलीकडे पाणी येत नाही. खटका न्यूट्रलवर असेल तर वीज पंख्यात येऊन, गुंडाळी ओलांडून, बंद दारापाशी उभी राहते. परतीची वाट तुटल्यामुळे पंखा थांबतो. पण कोणी हात लावला की त्या माणसाच्या अंगातून तिला जमिनीकडे नवी वाट मिळते. माझा एक हात वायरवर होता आणि दुसरा भिंतीत रुतलेल्या लोखंडी गर्डरवर, म्हणजे ती वाट माझ्या छातीतून जात होती. एप्रिलची भिंत कोरडी ठणठणीत होती, म्हणून थोडक्यात निभावले. हेच श्रावणात, भिंत ओलसर असताना घडले असते, तर हा लेख लिहायला मी नसतो.

फ्यूज का उडाला नाही, असे कोणी विचारेल. फ्यूज किंवा एमसीबी हे वायर जळू नये म्हणून असतात, माणसासाठी नव्हे. ७५ वॅटचा पंखा साधारण ०.३३ अँपिअर, म्हणजे ३३० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या काही अंशाएवढा प्रवाह छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. पाच-सहा अँपिअरच्या फ्यूजला तो कळतही नाही. माणसासाठी वेगळे उपकरण आहे, आरसीसीबी. जाणारी आणि परत येणारी वीज सारखी आहे का, हे ते सतत तोलत असते. ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की सेकंदाच्या एक तृतीयांश भागाच्या आत ते पुरवठा तोडते. आमच्या घरी ते नव्हते.

मला वाटले, आता तो पटकन काम उरकून जाईल. पण तो म्हणाला, "सर, तुम्हीच करा. मी इथं उभा राहतो." मग त्याने मला एकेक पायरी करायला लावली. मेन बंद. बंद करण्याआधी टेस्टर चालू पॉइंटवर लावून तो ठीक आहे ना हे पाहणे, मग कामाच्या जागी लावणे. पायात रबरी चप्पल. कुठली वायर कुठे आहे, ते आधी कागदावर लिहून घेणे. रंगांवर विसंबायचे नाही, हेही त्याने बजावले. लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थिंग हा आपल्याकडचा जुना रिवाज. पण आमच्या घरात सगळीकडे एकाच रंगाची वायर ओढलेली निघाली. पंख्याच्या आतल्या वायरींचे रंग तर कंपनीगणिक बदलतात. जुन्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते, म्हणून तो आधी रिकामा केला. नवा त्याच मापाचा बसवला. मोठा घातला तर पंखा जोरात फिरेल असे काहींना वाटते. प्रत्यक्षात गुंडाळी तापते. वायरचे टोक सोलताना तांब्याचा तार बाहेर डोकावणार नाही एवढेच सोलायचे. स्क्रू घट्ट केल्यावर वायर ओढून पाहायची. हे सगळे करताना माझे हात थरथरत होते, आणि तो एका शब्दानेही हसला नाही.

वाटी वर सरकवण्याआधी त्याने हुकाजवळचा बोल्ट दाखवला. तो निसटू नये म्हणून त्यात घातलेली पिन गंजून अर्धी झाली होती. चार-पाच किलोचा पंखा आईच्या डोक्यावर त्या अर्ध्या पिनेच्या भरवशावर फिरत होता. पिन बदलली. शेवटी बोर्ड उघडून फेज खटक्यावर आणली. मेन चालू केला, बटण दाबले. पंखा गुंगला नाही, सरळ फिरला. आई पदराने घाम पुसत खाली बसली आणि म्हणाली, "आता वारं आलं बघ."

हातपाय धुतल्यावर त्याने मजुरी घ्यायला नकार दिला. मी म्हटले, "तुला शिकवायचा मी पगार घेत होतो, आज तू मला शिकवलंस, तूही घे." तेव्हा त्याने तीनशे रुपये घेतले. चहा पिताना त्याने सहज विचारले, "सर, प्रयोगशाळेतली ती मोटर अजून कपाटात आहे का?"

ती मोटर कपाटातच होती. काचेच्या कपाटात, कुलूप लावून, आणि किल्ली माझ्याकडे. हा मुलगा नववीत असताना ती उघडून पाहू द्या म्हणून मागे लागला होता. मोडेल, म्हणून मी दिली नव्हती. विज्ञानाच्या लेखी परीक्षेत तो जेमतेम काठावर पास झाला. त्याची चूक कमी आणि माझ्या कुलपाची जास्त, असे आज वाटते.

आपल्या मराठी माणसांत याचे मोठे उदाहरण आहे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकलेची वाट त्यांना अवघड झाली. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शिकवले आणि ती नोकरी सोडून ते बेळगावला आले. सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून, लोखंडी नांगर बनवून, १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी उभी केली. पुढे १९४६ साली याच घराण्याने बेंगळुरूला विजेच्या मोटरींचा कारखाना काढला. बेळगाव काय, भालकी काय, सीमेवरची गावे. पुस्तकातले ज्ञान हातात उतरवणारा माणूस कुठल्याही गावात तयार होऊ शकतो. त्याला कपाटाची किल्ली मात्र मिळायला हवी.

आईच्या लहानपणी तिच्या घरी वीज नव्हती. शिवनसमुद्रमची वीज १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोहोचली, १९०५ साली बेंगळुरूच्या रस्त्यांवर दिवे लागले; पण ते म्हैसूर संस्थान होते. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ साली या राज्यात आला. आईला आठवतो तो कंदील आणि विंझणा. म्हणून तिला पंखा फिरला हेच पुष्कळ वाटते; काठीने फिरला तरी तक्रार नाही. अशा पिढीच्या माणसांना आपणच विचारावे लागते, ती सांगत नाहीत.

आता कबुली. शाळेच्या इमारतीच्या सुरक्षिततेचा एक तक्ता दरवर्षी भरावा लागतो. त्यात "विद्युत जोडणी सुरक्षित" या ओळीपुढे मी इतकी वर्षे सही करत आलो आहे. बटण दाबले की दिवा लागतो, पंखा फिरतो, एवढेच माझे तपासणे होते. त्या रविवारनंतर मी झोपू शकलो नाही. पुढच्या सुट्टीत त्याच माजी विद्यार्थ्याला घेऊन आम्ही १४ खोल्यांतील २७ पंखे तपासले. चार ठिकाणी खटका न्यूट्रलवर निघाला. एका वर्गात, मुलींच्या बाकांवर, पंख्याच्या बोल्टमध्ये पिनच नव्हती. हे पाचही दोष शाळा उघडण्याआधी दुरुस्त केले आहेत. पालकांपासून हे लपवावे, असा सल्ला मला एका हितचिंतकाने दिला. पण लपवलेल्या दोषापेक्षा सांगितलेला दोष बरा, असे मला वाटते.

विश्वस्त मंडळाला विनंती अशी : प्रत्येक मजल्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा, अर्थिंग तपासून घ्यावे आणि दरवर्षी परवानाधारक माणसाकडून तपासणी करून त्याचा लेखी अहवाल घ्यावा. तो अहवाल हाती आल्याशिवाय यापुढे त्या ओळीपुढे मी सही करणार नाही. खर्च आहे, हे मान्य. यंदाच्या स्नेहसंमेलनाचा मंडप थोडा लहान झाला तरी चालेल.

विद्यार्थी मित्रहो, हे वाचून कोणीही एकट्याने पंख्याला हात लावायचा नाही. वायरिंगचे काम परवाना असलेल्या माणसाचेच आहे. त्याच्या शेजारी उभे राहून बघायला मात्र लाजू नका. प्रयोगशाळेतल्या कपाटाचे कुलूप मी काढले आहे. ती मोटर आता टेबलावर असते, आणि शनिवारच्या तासाला नववीची मुले-मुली ती खोलतात आणि जोडतात. एक स्क्रू हरवला आहे. हरवू दे.

आणखी एक गृहपाठ, मुलांना आणि पालकांनाही. आज संध्याकाळी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ पाच मिनिटे बसा आणि विचारा, "तुमच्या खोलीत काही बिघडलंय का?" पहिल्यांदा ते "काही नाही" म्हणतील. तरी पुन्हा एकदा विचारा.

'उदासीन' हा शब्द मी हिंदीतून शिकलो तेव्हा वाटले होते, ही तार कोणाच्या अध्यातमध्यात नाही, निरुपद्रवी आहे. तसे नसते. काम चालू असताना जेवढी वीज एका तारेतून येते, तेवढीच दुसरीतून परत जाते. आईच्या बाबतीत मी तीन आठवडे उदासीन होतो; त्याचा हिसका मला बसला, हे ठीकच झाले. तो तिला बसला नाही, यासाठी देवाचे आभार मानतो.

आपला,
मुख्याध्यापक